तोडा: निलगिरीच्या गवतावर उभा असलेला धर्म

घाटमाथा

ऊटीला जाऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडे तिथल्या बोटॅनिकल गार्डनचा फोटो असतो. त्याच बागेच्या वरच्या अंगाला तोडा लोकांची एक छोटी वस्ती आहे, मंजक्कल मंद. मंद म्हणजे तोडांचा पाडा. बरेच पर्यटक तिथवर चढतात, अर्धगोल झोपडीसमोर उभं राहून फोटो काढतात, 'इथले आदिवासी' एवढं म्हणतात आणि खाली उतरतात. गेली काही वर्षं या लोकांबद्दल जे वाचत आणि बघत आलो ते एका जागी मांडावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी जागा समजून घेऊ. आपला सह्याद्री दक्षिणेकडे उतरत जातो आणि जिथे पूर्व घाट त्याला येऊन मिळतो तिथे निलगिरीचं पठार आहे. दोड्डबेट्टा हे तिथलं सर्वांत उंच शिखर, २,६३७ मीटर. मूळचं पठार म्हणजे नजर पोचेल तिथवर गवताळ टेकड्या आणि टेकड्यांच्या घळींत अडकलेली बुटक्या, दाट झाडांची राई. या राईला तिकडे शोला म्हणतात. शोला पावसाचं पाणी धरून ठेवतो, ते झिरपत खालच्या दलदलीत येतं आणि तिथून ओढे निघतात. गवत, शोला आणि दलदल या तिन्हींवर तोडांच्या म्हशी जगल्या आणि म्हशींवर तोडा.

हे लोक शेती करत नसत. शिकार नाही, मांसाहार नाही. दूध, ताक, लोणी, तूप आणि शेजाऱ्यांकडून येणारं धान्य, यावर सगळं चाललेलं. खालच्या बाजूचे बडगा शेती करत आणि तोडांना धान्य देत. कोता भांडी घडवत, लोहारकाम करत आणि तोडांच्या मयताला वाद्यं वाजवत. उतारावरच्या जंगलात कुरुंबा आणि इरुळा. कुरुंबांकडून मध येई आणि त्यांच्या जादूटोण्याची सगळ्यांनाच धास्ती असे. पैशाशिवाय चाललेली ही देवघेव पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

लेखी इतिहासात तोडा फार क्वचित डोकावतात. होयसळ राजा विष्णुवर्धन याच्या पुणिस नावाच्या सेनापतीचा १११७ सालचा शिलालेख कर्नाटकात चामराजनगरला आहे. त्याने तोडांना भयभीत केलं आणि नील पर्वत ताब्यात घेतला अशी बढाई त्यात आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीही डोंगर त्यांचाच होता, आणि कुणीतरी खालून वर येऊन तो घेत होतं. मग १६०३ मध्ये जाकोमे फिनिसिओ हा जेझुइट पाद्री मलबारातून वर चढला. डोंगरावर कुणी हरवलेले ख्रिस्ती राहतात अशी अफवा होती, तिची खातरजमा करायला तो आला होता. ख्रिस्ती कुणी सापडले नाहीत. त्याने बायकांना आरसे आणि सुताच्या लडी वाटल्या आणि परत गेला. त्यानंतर दोनशे वर्षं बाहेरच्यांनी फारसं फिरकून पाहिलं नाही. १८१९ मध्ये कोइमतूरचा कलेक्टर जॉन सुलिव्हन वर आला, त्याला हवा आवडली, त्याने घर बांधलं आणि चित्र बदललं.

आता ज्या गोष्टीसाठी हा धागा काढला तिच्याकडे येतो. तोडांचं देऊळ म्हणजे दूधघर. दूधघर 'हेच' देऊळ आहे, देवळाशेजारी दूधघर असा प्रकार नाही. आत मूर्ती नाही. आत असतात दुधाची भांडी, रवी, दिवा आणि काही ठिकाणी जुन्या घंटा. पवित्र म्हशींचा कळप त्या देवळाच्या मालकीचा, आणि त्यांचं दूध काढणं, विरजणं, घुसळणं ही पूजा. ती करणारा पुरुष हा पुजारी. दूधघरांना चढत्या पायऱ्या आहेत: साध्या कळपाचं साधं दूधघर, आणि जसजसा कळप अधिक पवित्र तसतसे पुजाऱ्यावरचे नियम कडक.

सर्वांत वरच्या पायरीला 'ती' म्हणत आणि तिथल्या पुजाऱ्याला पालोल. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्रज अभ्यासकाने १९०१-०२ मध्ये निलगिरीत राहून हे सगळं बारकाईने लिहून ठेवलं. पालोल पदावर असेतोवर ब्रह्मचारी. केस आणि नखं कापायची नाहीत. नदी ओलांडायची तर पुलावरून नाही, पाण्यात उतरून, तेही ठरलेल्या उतारावरूनच. सामान्य तोडाने त्याला नुसता स्पर्श केला तरी त्याचं पद गेलं, तो त्या क्षणी साधा माणूस झाला. आपल्या कुळातल्या मयताला त्याला जायचं असेल तर आधी पद सोडावं लागे. त्याच्या हाताखाली एक मुलगा, कल्तमोख, तो बाहेरच्या जगाशी व्यवहार बघणार. दूधघराच्या आत भांड्यांच्या दोन रांगा: म्हशीच्या आचळाकडून आलेलं दूध ज्यात पडतं ती आतली भांडी, आणि तयार लोणी-ताक बाहेर जाण्यासाठीची बाहेरची भांडी. आतलं भांडं बाहेरच्या भांड्याला लागू द्यायचं नाही. दोन्हींच्या मध्ये एक तिसरं भांडं, फक्त इकडचं तिकडे ओतण्यासाठी.

ही वरची पायरी विसाव्या शतकात बंद पडली. ब्रह्मचर्य आणि एकांत पाळायला माणूस मिळेना. खालच्या पायऱ्यांची काही दूधघरं मात्र आजही चालू आहेत.

मयताचं थोडक्यात: पूर्वी एका माणसाचे दोन अंत्यविधी होत. एक लगेच, शरीराचा. दुसरा काही महिन्यांनी, जपून ठेवलेल्या अवशेषांचा. दोन्ही वेळी म्हशी मारल्या जात, त्या माणसासोबत परलोकात जाव्यात म्हणून. परलोकाचं नाव अमुनोद्र. तो पश्चिमेला, कुंदा डोंगराच्या पलीकडे, आणि तिथेही मंद आहेत, म्हशी आहेत, दूधघरं आहेत. तिथला देव ओन. जिवंत तोडांवर राज्य करणारी त्याची बहीण तेकिर्झी.

बहुपतित्व, भाषा, भरतकाम हे विषय मुद्दाम ठेवलेत. इथे त्या विषयांतली माणसं आहेत, ती लिहितील.

केवडा

फार सुंदर धागा, वाचनखूण साठवली. ऊटीला दोनदा जाऊन आले आणि यातलं काहीही माहीत नव्हतं. एक प्रश्न: हे लोक मुळात आले कुठून? आमच्या टॅक्सीवाल्याने सांगितलं होतं की ते इस्राएलमधून आलेत.

भाषावेडा

केवडाताई, ते टॅक्सीवाल्याचं मूळचं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांनी ते पेरलंय. उंच बांधा, लांब दाढी, अंगावर रोमन टोग्यासारखी चादर बघून कुणी त्यांना इस्राएलच्या हरवलेल्या टोळ्यांपैकी ठरवलं, कुणी रोमन, कुणी शक. विसाव्या शतकातसुद्धा ग्रीसचा राजपुत्र पीटर त्यांचं नातं प्राचीन इराकातल्या सुमेरशी जोडत होता. यापैकी एकालाही पुरावा नाही.

पुरावा आहे तो भाषेचा, आणि तो स्वच्छ आहे. तोडा ही द्रविड भाषा आहे, दक्षिण द्रविड शाखेतली. तिची सर्वांत जवळची बहीण म्हणजे शेजारच्या कोता लोकांची भाषा. तमिळ आणि मल्याळम एकमेकींपासून वेगळ्या व्हायच्या कितीतरी आधी तोडा-कोता ही फांदी फुटली. म्हणजे ही माणसं दक्षिणेतलीच आहेत, फक्त फार लवकर वेगळी झाली आणि वर राहिली. त्यांची स्वतःची गोष्ट तर याहून सरळ आहे. रिव्हर्सने नोंदवलेल्या कथेत ओनने कुंदावर जमिनीतून सोळाशे म्हशी बाहेर काढल्या, त्याच्या बायकोने अठराशे. ओनच्या शेवटच्या म्हशीची शेपटी धरून एक माणूस बाहेर आला, तो पहिला तोडा. कुठून आले याचं त्यांचं उत्तर असं: इथूनच, म्हशीच्या मागोमाग.

भाषेबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे 'र' एक. तोडात कंप पावणारे 'र' सहा आहेत. जीभ तीन वेगवेगळ्या ठिकाणी लावून तीन, आणि त्या प्रत्येकाचं 'य'कारयुक्त रूप धरून सहा. स-श घराण्यातले ध्वनी चार ठिकाणांहून निघतात. द्रविड भाषांत असं कुठेही नाही, जगातही फार कमी ठिकाणी सापडतं.

दुसरी गोष्ट गाणी. मरी एमेनो हा भाषाशास्त्रज्ञ १९३५ ते १९३८ या काळात भारतात होता आणि त्याने तोडांची गाणी मोठ्या संख्येने लिहून घेतली. प्रत्येक ओळ तीन अक्षरांची आणि ओळी जोडीनेच यायच्या. एका ओळीत एका कुळाचं नाव घेतलं की जोडीच्या ओळीत कुठल्या कुळाचं घ्यायचं हे ठरलेलं. म्हशीची, डोंगराची, दूधघराची, ओढ्याची, प्रत्येकाची अशी गाण्यातली ठरीव नावं असतात, रोजच्या बोलण्यातल्यापेक्षा वेगळी. ही हजारो जोडवाक्यं डोक्यात ठेवून गाणारा उभ्या उभ्या नवं गाणं रचतो: लग्नावर, मयतावर, एखाद्या आवडत्या म्हशीवर, अगदी गावात आलेल्या साहेबावरसुद्धा. लिपी नसलेल्या दीडदोन हजार माणसांच्या समाजात हे चालू आहे.

सुईदोरा

भरतकामावर मी लिहिते, माझा जीव त्यातच आहे.

त्यांच्या चादरीला पुत्कुळी म्हणतात. मळकट पांढरं जाड सुती कापड, त्यात तांबडे-काळे पट्टे आधीच विणलेले. भरतकाम त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत होतं, तांबड्या आणि काळ्या दोऱ्याने. कापडावर आधी काहीही आखत नाहीत. ना पेन्सिल, ना छापा, ना रिंग. बाई डाव्या हाताच्या बोटावर कापड ताणते आणि उभे-आडवे धागे मोजत सुई घालते. मी एका बाईंच्या शेजारी बसून हे पाहिलं. त्या माझ्याशी बोलत होत्या आणि नजर समोर होती, बोटाला धागे मोजता येत होते. टाका घालताना दोऱ्याचा किंचित फुगवटा मुद्दाम सोडतात, त्यामुळे नक्षी उठून येते आणि हाताला जाणवते. कापड दोन्ही बाजूंनी वापरता येतं.

नमुने त्यांच्या रोजच्या आयुष्यातले: म्हशीची शिंगं, खारीच्या पाठीवरचे पट्टे, फुलं, डोंगर. एका नक्षीला तर पूर्वीच्या एका पुजाऱ्याचं नाव आहे. २०१३ मध्ये या भरतकामाला जीआय (भौगोलिक निर्देशक) मानांकन मिळालं.

आणि पुत्कुळी फक्त शोभेची नाही. माणूस गेल्यावर त्याला भरलेल्या पुत्कुळीत गुंडाळतात. सगळ्यांत सुंदर काम ज्या कापडावर होतं ते असं निघून जातं. इतकं सुंदर काम जाळायला देतात, याचं मला फार वाटतं.

बखर

घाटमाथा, माहितीपूर्ण लेख आहे, पण एक बाजू सुटते आहे. तोडांमध्ये स्त्री-अर्भकहत्या होती. एका बाईला अनेक नवरे ही प्रथा त्याशिवाय समजत नाही. इंग्रजांनी बंदी आणली. दूधघराची पवित्रता वर्णन करताना हेही यायला हवं. शिवाय त्याच दूधघराजवळ बाईने फिरकायचं नाही, दुधाला हात लावायचा नाही.

घाटमाथा

बखर, रास्त मुद्दा, आणि तो लपवायचा काहीच हेतू नाही. मुली मारल्या जात हे खरं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या शिरगणत्यांत आणि रिव्हर्सने जमवलेल्या वंशावळींत पुरुष स्पष्टपणे जास्त दिसतात. बंदीनंतर हे प्रमाण हळूहळू सुधारत गेलं.

बहुपतित्व मात्र नुसतं 'बायका कमी म्हणून' एवढ्याने समजत नाही. बहुतेक वेळा हे नवरे सख्खे भाऊ असत. मोठ्याशी लग्न झालं की धाकटे आपोआप नवरे. घर, कळप, माणसं एकत्र राहत. बाप कोण हे जन्मावरून ठरत नसे, विधीवरून ठरे. त्या विधीचं नाव पुरसुत्पिमी. गरोदरपणाच्या सातव्या महिन्याच्या सुमाराला रानात एका ठरावीक झाडाशी जायचं. आपल्या जांभळाच्या घराण्यातलं झाड आहे ते. त्याच्या खोडात एक छोटा कोनाडा कोरायचा आणि त्यात दिवा लावायचा. पुरुष एक काडी आणि गवताची पात घेऊन इवलंसं धनुष्यबाण बनवतो आणि बाईच्या हातात देतो. ती विचारते, तुझ्या धनुष्याचं नाव काय? तो नाव सांगतो. प्रत्येक कुळाच्या धनुष्याला वेगळं नाव आहे. हे प्रश्नोत्तर तीनदा होतं. मग ती धनुष्यबाण कपाळाला लावते, उजव्या हातात धरते आणि कोनाड्यातल्या दिव्याकडे बघत बसते, तो विझेपर्यंत.

ज्याने धनुष्य दिलं तो बाप. त्या मुलाचा आणि पुढे होणाऱ्या सगळ्यांचा, जोवर दुसरा कुणी धनुष्य देत नाही तोवर. तो मेला असला तरी बाप तोच. शिकार न करणाऱ्या लोकांकडे धनुष्य उरलं ते एवढ्यासाठी आणि मयतासाठी. आता बहुपतित्व संपलंय. धनुष्याचा विधी राहिला आहे, आणि लग्नाचा मुख्य सोहळा आजही तोच मानतात.

बायकांवरच्या बंधनांबद्दल: हो, दूधघर, पवित्र म्हशी आणि घुसळण हे पुरुषांचं. मला ते समर्थनीय वाटत नाही. पण हेही नोंदवायला हवं की आज तोडांची बाहेर जी ओळख आहे ती भरतकामाची आहे, आणि ती सर्वस्वी बायकांच्या हातची.

बखर

धनुष्याचा तपशील माहीत नव्हता, धन्यवाद. रिव्हर्सवर एक जोड देतो. हा मूळचा डॉक्टर. १८९८ च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत त्याने माणसांच्या वंशावळी पद्धतशीर लिहायची रीत बसवली आणि ती निलगिरीत पूर्णपणे वापरली. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकातून मन मोडून आलेल्या सैनिकांवर उपचार करणारा तो हाच. त्याने स्वतः लिहून ठेवलंय की ज्यांनी त्याला गुप्त विधी आणि जागा दाखवल्या त्यांच्यावर थोड्याच दिवसांत संकटं आली, आणि मग तोडांनी त्याला सांगणं थांबवलं. त्याच्या माहितीवर आपण सगळे बोलतोय म्हणून ही किंमतही माहीत असावी.

धनगरवाडा

हा धागा आमच्या घरातला वाटला. आम्ही गवळी धनगर, कोयनेच्या खोऱ्यातले. आमच्या वाडवडिलांचं सगळं म्हशींवर. घाटमाथ्याच्या रानात वाडा, दूध विकायला बाजार लांब म्हणून लोणी काढायचं आणि ते घेऊन बायकांनी घाट उतरून खाली जायचं. आज्जी सांगायची, डोक्यावर लोण्याची पाटी आणि पायात काही नाही. तोडांकडे बाईने दुधाला शिवायचं नाही हे वाचून नवल वाटलं, आमच्याकडे तिच्याशिवाय लोणी बाजाराला गेलंच नसतं.

पण पुढची गोष्ट एकच असणार असं वाटतं. कोयनेचं धरण झालं, रानात पाणी भरलं, पुढे उरलेलं रान अभयारण्यात गेलं. चराई बंद झाली. म्हशी विकल्या. आज आमच्या वाड्यावरची पोरं मुंबईत आहेत. घाटमाथादादा, तोडांच्या चराईचं काय झालं ते लिहा. मला तेच वाचायचंय.

कुन्नूरवासी

धनगरवाडा, यावर मी लिहिते. नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं इकडे राहते, आणि हे समोर बघते.

इंग्रजांनी वर आल्यावर आधी घरं बांधली, मग चहा, सिंकोना, बटाटा. सरपणासाठी ऑस्ट्रेलियातून वॅटल (बाभळीच्या जातीचं झाड) आणि युकॅलिप्टस आणले; युकॅलिप्टस म्हणजे आपण मराठीत ज्याला निलगिरी म्हणतो तेच झाड. ते इथलं नाहीच. स्वातंत्र्यानंतर लागवड कितीतरी पटीने वाढली: कातडी कमवायला वॅटलची साल हवी होती आणि रेयॉनच्या कारखान्यांना युकॅलिप्टसचा लगदा. सरकारी कागदांवर गवताळ टेकडी ही पडीक जमीन होती. तिथे झाडं लावणं हे चांगलं काम समजलं गेलं. त्यातच धरणं. पायकाराचा वीजप्रकल्प १९३२ चा, मग पन्नाशी-साठीच्या दशकांत कॅनडाच्या मदतीने कुंदा प्रकल्प. अव्हलांच, एमराल्ड, अप्पर भवानी ही आज पर्यटकांची आवडती तळी आहेत. त्यांच्या तळाशी कुरणं आहेत.

वॅटल एकदा लागलं की थांबत नाही. बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आग लागली की उलट जोमाने उगवतं. गवत मरतं. आणि त्याहून वाईट म्हणजे दलदल सुकते. हे का सांगतेय? घाटमाथांनी ज्या अर्धगोल घराचा उल्लेख केला ते असं बांधतात: बांबू आणि वेताच्या कमानी, त्यावर गवताचं जाड छप्पर, पुढच्या भिंतीत जेमतेम तीन फुटी दार, वाकून रांगत आत जायचं. दूधघरही असंच. मुत्तनाडु मंदमधलं मोठं दूधघर मात्र शंकूच्या आकाराचं आहे, उंच टोपीसारखं. या देवळांच्या छपराला कुठलंही गवत चालत नाही. दलदलीत उगवणारं एक खास गवत लागतं. छप्पर ठरावीक वर्षांनी नवं करायचं, आणि ते करणं हाच मोठा उत्सव, सगळे पुरुष जमतात, बायका बाहेर नाचगाणं करतात. दलदल सुकली की ते गवत नाही. गवत नाही तर छप्पर नाही. मग पत्रा येतो किंवा देऊळ पडतं. गवत शोधायला आता लोक दूरदूरच्या खोऱ्यांत जातात.

म्हशींचंही तेच. तोडा म्हैस ही वेगळी जात आहे. राखाडी ते भुरा रंग, अंगावर दाट केस, चंद्रकोरीसारखी रुंद पसरलेली शिंगं, आणि स्वभाव तापट. अनोळखी माणसाने जवळ जाऊ नये. दूध दिवसाला दोन-तीन लिटरच, पण फॅट आठ टक्क्यांच्या आसपास. बाजाराच्या हिशोबात ही म्हैस बसत नाही. चराई कमी, वाघ-बिबट्यांचे हल्ले, तरुणांना ऊटीत नोकऱ्या, त्यामुळे कळप घटत चाललेत. बऱ्याच तोडा कुटुंबांनी शेती धरलीय, गाजर आणि बटाटा. त्यांना नावं ठेवायचा आपल्याला काही अधिकार नाही.

चांगली बाजू: वनखात्यानेच आता काही भागांत वॅटल काढून गवत परत आणायचं काम सुरू केलंय. ऊटीतले डॉ. तरुण छाबडा, पेशाने दंतवैद्य, अनेक वर्षं तोडांसोबत देवळं पुन्हा उभी करण्यात आणि शोला-गवत वाढवण्यात आहेत.

धनगरवाडा

तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. कागदावर पडीक. आमचंही तेच लिहिलं होतं.

केवडा

कुन्नूरवासीताई, तोडा आता किती आहेत? आणि कायद्याने काही संरक्षण आहे का?

घाटमाथा

मी देतो. १९०१ च्या जनगणनेत आठशेच्या आसपास होते. २०११ मध्ये साधारण दोन हजार. म्हणजे माणसं संपत चालली आहेत हे जे सारखं छापून येतं ते आकड्यांत दिसत नाही. १९०१ पेक्षा आज तोडा जास्त आहेत. शिकलेले आहेत, तोडा परिचारिका आहेत, शिक्षक आहेत, आपल्या जमिनीसाठी कचेऱ्यांत भांडणारी माणसं आहेत. कमी झालंय ते गवत, आणि गवताबरोबर म्हशी, आणि म्हशींबरोबर दूधघरं. एखाद्या कुळात माणसं भरपूर आहेत पण पवित्र कळपातली शेवटची म्हैस गेली, तर त्या कुळाचं देऊळ बंदच पडणार. त्यात घुसळायला दूध कुठून आणणार? दुसऱ्या म्हशीचं चालत नाही.

म्हणूनच शाली विकत घेणं, नाच बसवणं, संग्रहालयात झोपडी उभी करणं याने मला समाधान वाटत नाही. भरतकाम टिकतंय याचा आनंद आहेच, सुईदोरा. पण या धर्माची पूजा दुधाशिवाय होत नाही, आणि ते दूध त्या टेकडीच्या गवताचंच लागतं.

कायद्याचं म्हणाल तर तोडा हे विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात, तामिळनाडूतल्या सहांपैकी एक. २००६ च्या वनहक्क कायद्यात अशा गटांना त्यांच्या पूर्ण अधिवासावर सामूहिक हक्क मागता येतो, चराईचा हक्कही त्यात येतो. धनगरवाडा, हा कायदा तुमच्याकडच्यांनीही बघावा. इतर पारंपरिक वननिवासी या गटातून चराईचा दावा करता येतो. तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो आणि दावा ग्रामसभेतूनच पुढे जातो.

धनगरवाडा

ग्रामसभेतून करता येतो हे माहीत होतं, पण पुरावा कुठून आणायचा तिथे अडलंय.

बखर

जुने चराईच्या पावत्या-परवाने असतील तर उत्तम. नसतील तर कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे जबाब आणि जागेवरच्या खुणा, म्हणजे जुने वाडे, विहिरी, देवस्थानं, स्मशान, हेही पुरावे म्हणून धरले आहेत. फक्त एकच पुरावा पुरत नाही, किमान दोन लागतात. आज्जी असतील तर त्यांचा जबाब आधी लिहून घ्या. व्यनि (खासगी निरोप) करतो.

भाषावेडा

मध्येच एक भर, कारण केवडाताईंनी फुलांचे फोटो टाकलेत दुसऱ्या धाग्यावर. निलगिरीची कुरिंजी आणि आपली कारवी एकाच कुळातल्या, एकाच प्रजातिगटातल्या बहिणी. आपली सात-आठ वर्षांनी फुलते, ती बारा वर्षांनी. २००६ ला फुलली, २०१८ ला फुलली. ती गवताळ उतारावरच येते, वॅटलच्या सावलीत नाही.

केवडा

म्हणजे आता २०३०! तोवर थांबवणार नाही. डिसेंबरात जाणार आहोत. तोडा वस्ती बघायची तर कशी बघावी? आणि अस्सल शाल कशी ओळखायची?

कुन्नूरवासी

डिसेंबर-जानेवारीत मुत्तनाडु मंदला मोधवेत हा त्यांचा सण असतो. पुरुष नव्या पुत्कुळी पांघरून शंकूच्या देवळापुढे जमतात, आणि मग तरुण एक जड गोल दगड खांद्यावर उचलून ताकद दाखवतात. तारीख दरवर्षी वेगळी, स्थानिक वर्तमानपत्रात येते. लांबून बघू देतात. दूधघराभोवती दगडांचं कुंपण असतं, त्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, बाईने नाही आणि बाहेरच्या पुरुषानेही नाही. फोटो विचारल्याशिवाय नाही. घरात बोलावलं तर वाकून आत जा, ताक दिलं तर प्या. एखादी म्हातारी आपला पाय उचलून सुनेच्या कपाळाला टेकवताना दिसली तर दचकू नका, तो आशीर्वाद आहे. धाकटी स्वतः वाकून सासूचा पाय कपाळाला लावून घेते, आधी एक, मग दुसरा.

शालीचं: ऊटीच्या बाजारातल्या दुकानांत मशीनवर भरलेल्या नकला ढिगाने आहेत. उलटी करून बघा. हातच्या कामात दोन्ही बाजू नीटस असतात, एका बाजूला बोट फिरवलं तर उठाव लागतो, आणि कडेला टाके मोजून बरोबर पट्ट्यापाशी संपतात. मशीनच्या कामात मागे सैल दोरे आणि चिकटवलेलं अस्तर दिसतं. शक्यतो मंदमध्येच घ्या, बाई भरत बसलेली असते तिच्याकडून. मोठ्या शालीला महिने लागतात, तेव्हा घासाघीस करू नका. परवडत नसेल तर छोटी पिशवी किंवा रुमाल घ्या.

सुईदोरा

कुन्नूरवासीताईंना अनुमोदन. आणि घेतलीत तर ड्रायक्लीनला देऊ नका, गार पाण्यात साध्या साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. पहिल्या धुण्याला तांबडा थोडा सुटतो, म्हणून वेगळी धुवा.